माजी विद्यार्थी संघ: मेळाव्याआधी रजिस्टर उघडा

आमच्या शाळेचा पहिला माजी विद्यार्थी मेळावा झकास झाला आणि त्यानंतर चार वर्षं काहीच झालं नाही.

शाळा रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खेड्यातली. मंडप होता, फेटे होते, जिलबीचं जेवण होतं, सत्कार तर इतके झाले की शेवटी हार कमी पडले. दाराशी दोनशे पानी वही ठेवली होती, येईल त्याने नाव-नंबर लिहावा म्हणून. संध्याकाळी वळीव आला, मंडप आवरायची धांदल उडाली आणि ती वही ताडपत्रीबरोबर भिजली. वाळवून उघडली तर कुणी नऊच आकडे लिहिलेले, कुणी नुसतं 'सुनील, ८७ बॅच' लिहून मोकळा झालेला. सुनील आमच्या शाळेत त्या एका वर्षी चार होते. इतका खर्च करून हाताशी उरले ते जेमतेम साठ-सत्तर चालू नंबर.

त्यानंतर सगळं नव्याने केलं, आणि या वेळी उलट्या क्रमाने: आधी यादी, मग माणसं, मग कामं आणि सगळ्यात शेवटी मेळावा. खाली लिहितोय तो हाच क्रम. शहरातल्या शाळेला थोडा फरक करावा लागेल, पण गाडा बहुतेक ठिकाणी याच चाकोरीने चालतो.

सुरुवात चार माणसांनी करा

पंचवीस जणांची कार्यकारिणी आधी निवडू नका. पदं वाटली की काम संपलं असं लोकांना वाटतं. चार जण पुरतात, फक्त ते योग्य हवेत. एक गावात राहणारा, ज्याला शाळेत कधीही चालत जाता येतं. एक मुंबईत किंवा पुण्यात, कारण अर्धे माजी विद्यार्थी तिकडे. एक बाई, आणि ती नावापुरती नको. का ते पुढे येईलच. आणि एक निवृत्त शिक्षक किंवा शिपाईमामा. आमच्याकडे मामाच होते. पस्तीस वर्षं घंटा वाजवलेल्या माणसाला जेवढे चेहरे आठवतात तेवढे कुठल्याच मुख्याध्यापकाला आठवत नाहीत, कारण मुख्याध्यापक बदलतात.

कोकणात आणखी एक सोय आहे. इथल्या कितीतरी हायस्कुलांमागे मुंबईतल्या चाकरमान्यांची मंडळं आहेत. त्यांनीच वर्गणी काढून इमारती उभ्या केल्या. तुमच्या गावाचं असं मुंबई मंडळ असेल तर त्यांना विचारल्याशिवाय वेगळा संघ काढू नका. रुसवा निघाला की दहा वर्षं निस्तरत बसाल.

मग मुख्याध्यापकांना रीतसर पत्र द्या: आम्ही कोण, काय करणार, शाळेच्या नावाने पैसे गोळा करणार नाही, आणि जुन्या नोंदी फक्त शाळेत बसून पाहू. पत्रावर 'पाहिले'ची सही घ्या. संस्था वेगळी असेल तर एक प्रत अध्यक्षांना. पुढे मुख्याध्यापक बदलले की हाच कागद कामी येतो.

जनरल रजिस्टर

प्रत्येक शाळेत एक जाडजूड जनरल रजिस्टर असतं. जुनी माणसं त्याला दाखलखारीज रजिस्टर म्हणतात. शाळेत पाऊल टाकलेल्या प्रत्येक मुलाची त्यात ओळ असते. रजिस्टर नंबर, पूर्ण नाव, जात, जन्मठिकाण, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, आधीची शाळा, प्रवेशाची तारीख, मग शाळा सोडल्याची तारीख, कारण आणि शेरा. हे कायमचं दप्तर, रद्दीत जात नाही. माजी विद्यार्थी कोण, याचं इतकं पक्कं उत्तर दुसरीकडे कुठेच मिळणार नाही.

लेखनिक भाऊसाहेब ते सहजासहजी काढून देणार नाहीत, आणि त्यांचं बरोबरच आहे. याच रजिस्टरच्या उताऱ्यावर लोकांची जात पडताळणी अडते किंवा सुटते. म्हणून मोबाईल खिशात ठेवा, पानांचे फोटो काढू नका. भाऊसाहेबांच्या समोर बसून फक्त तीन गोष्टी उतरवा: रजिस्टर नंबर, नाव, शाळा सोडल्याचं वर्ष. जात आणि जन्मतारीख आपल्या कामाची नाही. आम्हाला सहा शनिवार लागले, सकाळची शाळा सुटल्यावर दुपारी बसायचो.

जुन्या शाळेची यादी करताना १९७५ साल जपा. त्या वर्षी जुन्या पद्धतीची अकरावीची एस.एस.सी. आणि नव्या आकृतिबंधातली पहिली दहावी अशा दोन बॅचेस एकदम बाहेर पडल्या. 'आम्ही पंचाहत्तरचे' म्हणणारे दोन गट भेटतात, एकमेकांना ओळखत नाहीत, आणि यादी करणारा डोकं धरून बसतो. त्यांना 'अकरावी १९७५' आणि 'दहावी १९७५' असंच लिहा.

त्या सहा शनिवारांत माझं लक्ष मात्र वर्षांवरून उडून कारणाच्या रकान्यावर खिळलं. 'एस.एस.सी. परीक्षेस बसला' हे नेहमीचं. पण मध्येच, निळ्या शाईत, वळणदार अक्षरात: 'मुंबईस गेला.' 'घरची अडचण.' 'सतत गैरहजर.' एका मुलीपुढे नुसतं 'लग्न', इयत्ता नववी. आमच्या पहिल्या मेळाव्याला यांतलं कुणीच नव्हतं. निमंत्रणावरच छापलं होतं, 'दहावी उत्तीर्ण सर्व माजी विद्यार्थी'. ते छापणाऱ्यांत मीही होतो.

ही चूक तुम्ही करू नका. शाळेत एक वर्ष जरी बसला असेल तरी तो माजी विद्यार्थी. बॅच दहावीच्या वर्षावरून न लावता कोणत्या मुलांबरोबर पाचवीत किंवा आठवीत बसला त्यावरून लावा; तशी लावली की नापास झालेला, मध्येच सोडलेला आपोआप वर्गात येतो. भावनेचा भाग सोडा, व्यवहारानेही हेच बरोबर आहे. डॉक्टर आणि इंजिनियर मे महिन्यात चार दिवस येतात. शाळेची मोटर जळली की धावणारा वायरमन, कौलं शाकारणारा आणि टेम्पो घेऊन येणारा बाराही महिने गावात असतो, आणि आमच्याकडे हे तिघंही नववीच्या आत शाळा सोडलेले निघाले.

यादी कशी लिहायची

संगणकावरचा साधा तक्ता पुरे. रकाने: बॅच, रजिस्टर नंबर, शाळेतलं नाव, आताचं नाव, वाडी, सध्याचा मुक्काम, मोबाईल, नंबर कुणाकडून मिळाला, संमती दिली का. 'कुणाकडून मिळाला' हा रकाना सोडू नका. नंबर बदलला की परत त्याच माणसाकडे जाता येतं.

फोन लावण्याआधी यादी घेऊन गावातल्या दोन-तीन जाणत्या माणसांसमोर बसा आणि कोण हयात नाही ते आधी विचारून घ्या. मी हे केलं नव्हतं. एका घरी फोन लावला, 'आहे का हो तो?' म्हणालो. पलीकडे वडील होते. थोडा वेळ काहीच बोलले नाहीत, मग म्हणाले, "तो जाऊन सहा वर्षं झाली. तुम्ही कोण?" त्या दिवसापासून 'कै.'ची खूण आधी होते, फोन नंतर.

मुलींचा शोध

बहुतेक संघ इथे थकतात आणि फोटोत पुरुषच पुरुष दिसतात. रजिस्टरात वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव. आता आडनाव वेगळं, गाव वेगळं, काहींचं पहिलं नावही लग्नात बदललेलं. फेसबुकवर शोधून काही हाती लागत नाही.

माहिती असते माहेरी. भाऊ, वहिनी, आई. आणि वाडीतल्या आशाताईंकडे; कुठली पोर कुठे दिली हे त्यांना तोंडपाठ असतं. पण नंबर मिळाला तरी फोन पुरुषाने करू नये. आमच्यातल्या एकाने केला, नवऱ्याने उचलला. "कोण बोलताय? कसली शाळा? तुमचं काय काम आहे तिच्याशी?" पुढचं सांगत नाही. नंतर त्याच बॅचच्या एका बाईने तोच फोन केला, आधी सासूबाईंशी पाच मिनिटं बोलली, आणि महिन्याभरात त्या बॅचच्या अकरा जणी सापडल्या. एक सापडली की तीच पुढच्या दोघींना शोधते. म्हणून प्रत्येक बॅचमध्ये पहिली एक सापडेपर्यंत चिकाटी धरा.

दोन गोष्टी पाळा. यादीत तिचं शाळेतलं नाव आधी, आताचं नंतर. मैत्रिणी तिला त्याच नावाने ओळखतात. आणि तिचा नंबर तिला विचारल्याशिवाय कुठल्याही गटात टाकू नका. बॅचच्या गटात यायचं नसेल तर फक्त मुलींचा वेगळा गट ठेवा. आमचा तो गट आज सगळ्यात जिवंत आहे.

बॅचप्रमुख आणि व्हॉट्सॲप

दर बॅचला दोन बॅचप्रमुख, जमल्यास एक बाई एक पुरुष. काम एवढंच: आपल्या वर्गाची यादी ताजी ठेवायची आणि संघाचा निरोप पोचवायचा. वर्गाचा हुशार पोरगा यासाठी निवडू नका. ज्याच्या खोड्या सगळ्यांना आठवतात तो निवडा. त्याचा फोन सगळे उचलतात.

गटांची रचना अशी ठेवा. प्रत्येक बॅचचा आपापला गट, तिथे काय वाट्टेल ते बोला. त्यावर संघाचा एकच गट, ज्यात फक्त चार प्रशासक लिहू शकतात. व्हॉट्सॲपच्या एका गटात १०२४ माणसं मावतात, पण इतकी माणसं एकत्र बोलायला लागली की आठवड्यात निम्मे आवाज बंद करून ठेवतात. सुप्रभात, राजकारण, अमुक देवाचा संदेश अकरा जणांना पाठवा, आणि संघ तिथेच संपतो. आम्ही महिन्याला दोनच संदेश टाकतो. लोक वाचतात, कारण क्वचित येतात.

ज्येष्ठांचं विसरू नका. साठ-सत्तरच्या दशकातल्या बॅचेसमध्ये निम्म्यांकडे स्मार्टफोन नाही, किंवा आहे तो नातवाकडे. त्यांना बॅचप्रमुखाने फोनच करायचा.

वर्षभराचा शिरस्ता

नाती टिकतात ती ठरलेल्या दिवसांवर. पुढचे दिवस आम्ही बांधून घेतलेत.

झेंडावंदन. १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीला शाळा उघडी असते, शिक्षक असतात, मुलं असतात, भोंगा लागलेला असतो. माजी विद्यार्थ्यांनी फक्त यायचं. खर्च शून्य, चहा शाळेचा. दर वेळी एका बॅचकडे पाळी दिली तर पंधरावीस जण येतातच. हा दिवस संघाच्या डोळ्यासमोर असूनही कुणी वापरत नाही याचं मला अजून नवल वाटतं.

गुरुपौर्णिमा. प्रत्येक निवृत्त शिक्षकाला त्या दिवशी निदान तीन फोन जातील अशी वाटणी करा. जमल्यास एखादा जण घरी जाऊन येतो. बाकी काही नको.

गणपती. सगळे चाकरमानी गावात असतात, म्हणून मेळावा गणपतीत ठेवायचा मोह होतो. ठेवू नका. पाहुणे, आरत्या, भजनं, कुणाला घर सुटत नाही. शिमग्यात पालखी दारात यायची असते, तीच गत. फार तर शाळेच्या अंगणात तासभर भेटा. मोठा मेळावा मे महिन्यात, रविवारी. लग्नांच्या दाट तारखा टाळून. मे महिन्यात माहेरवाशिणीही मुलांना घेऊन आलेल्या असतात. तोटा एकच, शिक्षक सुट्टीवर असतात, म्हणून त्यांना जानेवारीतच तारीख कळवावी.

घाटावरच्या गावांनी आपल्या जत्रेचा दुसरा दिवस धरावा. शहरी शाळांसाठी भाऊबीजेनंतरचा रविवार चांगला.

मेळावा

थोडक्यात. दर वर्षी सर्वांचा नको, दर तीन वर्षांनी पुरे. मधल्या वर्षांत पंचवीस आणि पन्नास वर्षं झालेल्या बॅचनी आपापला करावा. मंचावर तिघं, भाषणं मिळून वीस मिनिटं. सत्कार फक्त शिक्षकांचे आणि शिपाईमामांचे. वर्गणी सगळ्यांना सारखी ठेवा, आणि ज्याला जड जाईल त्याची बॅचप्रमुखाने गुपचूप भरावी. जास्त देणाऱ्याचं नाव फलकावर लावलंत की पुढच्या खेपेला रिक्षावाला येत नाही.

दाराशी वही ठेवू नका. बॅचवार छापील यादी ठेवा, त्यात नावं आणि नंबर आधीच असतील. आलेल्याने आपला नंबर तपासून सही करायची. जेवणानंतर दोन तास मोकळे सोडा आणि वर्ग उघडे ठेवा. माणसं आपापल्या बाकावर जाऊन बसतात, कुणाला सांगावं लागत नाही.

मागायचं काय

आधी वेळ मागा. पैशाची हाक पहिल्याच वर्षी मारली की पुढचे फोन उचलले जात नाहीत.

मागणी नेमकी हवी. 'शाळेला मदत करा' म्हटलं की सगळे मान डोलावतात आणि घरी जातात. आमच्या पहिल्या तीन मागण्या अशा होत्या. एक, २०२५-२६पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले; गावातल्या मुलांना पसंतीक्रम भरताना सोबत बसायला चार माणसं हवीत. दोन, परीक्षेला किंवा प्रवेशाला मुंबईत येणाऱ्या मुलांना दोन रात्री उतरायला खोल्या हव्यात, मुलींसाठी कुटुंब राहतं तीच. तीन, महिन्यातून एकदा दहावीच्या वर्गाशी व्हिडिओवर अर्धा तास बोलायला कुणीतरी. आणि त्यांत आयटीआय केलेला, नर्सिंगवाली, हॉटेल चालवणारा, पोलीस भरतीतून गेलेली असे सगळे. तिन्हींना माणसं मिळाली, दुसरीला तर गरजेपेक्षा जास्त.

शासकीय किंवा अनुदानित शाळा असेल तर केंद्र सरकारच्या विद्यांजली पोर्टलवर मुख्याध्यापकांना शाळेची नोंद करायला सांगा. २०२१ सालापासून ते नव्या रूपात चालू आहे. शाळा आपली गरज तिथे मांडते, माणसं शिकवण्याची सेवा किंवा वस्तू देऊ करतात. कुणी काय दिलं याची नोंद राहते हा मोठा फायदा.

कॉलेजांचा दर्जा ठरवणाऱ्या 'नॅक'च्या मूल्यांकनात माजी विद्यार्थी सहभागाचे गुण असतात, म्हणून तिथे संघ कागदावर तरी असतोच. शाळांवर असला चाबूक नाही. शाळेतला संघ कुणाला तरी हवा असतो म्हणूनच चालतो.

पैसे आलेच तर

किरकोळ रकमेसाठी नोंदणीच्या भानगडीत पडू नका. देणगी थेट शिक्षणसंस्थेच्या खात्यात चेकने किंवा ऑनलाइन, पावती संस्थेची. वैयक्तिक खात्यावर यूपीआयने पैसे घेणं कितीही सोयीचं वाटलं तरी नाही म्हणजे नाही. हेतू स्वच्छ असला तरी दोन वर्षांनी हिशेब सांगता येत नाही, आणि गावात तोंड दाखवायची पंचाईत.

काम वाढलं तर नोंदणी करा. किमान सात जण लागतात. १८६०चा सोसायट्या नोंदणी कायदा आणि १९५०चा महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, दोन्हींसाठी धर्मादाय कार्यालयातच जायचं. नोंदणी सोपी, पुढचं जड: दर वर्षी हिशेब तपासून दाखल करणं, आणि विश्वस्त बदलले की नव्वद दिवसांत बदल अर्ज. बदल अर्ज राहिल्यामुळे कागदावर अजून स्वर्गवासी अध्यक्ष असलेल्या संस्था काही कमी नाहीत.

देणगीदार करसवलतीबद्दल विचारतील. संस्थेकडे ८०जी म्हणून ओळखली जाणारी मान्यता असेल तरच ती मिळते, दोन हजारांवरची रोख देणगी त्यात धरत नाहीत, आणि नव्या करप्रणालीत असलेल्याला ती उपयोगाची नाही. परदेशातल्या माजी विद्यार्थ्यांबाबत पासपोर्ट विचारा. भारतीय नागरिक असून स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवत असेल तर अडचण नाही. परदेशी नागरिकत्व घेतलं असेल तर ते विदेशी अंशदान, म्हणजे परदेशी देणगी, होतं आणि २०१०च्या विदेशी अंशदान कायद्याखाली परवानगी नसताना घेता येत नाही, मग तो आपल्याच वाडीतला का असेना. त्याला सांगा, तुझा वेळ दे.

हिशेब दर तीन महिन्यांनी संघाच्या गटावर टाका, चहाच्या बिलासकट.

नवी बॅच निकालानंतर लगेच पकडा

पन्नास वर्षांपूर्वीची माणसं शोधायला सहा शनिवार आणि दोन वर्षं गेली. या वर्षीची बॅच मात्र स्वतःच्या पायांनी ऑफिसात येते. गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला घ्यायला पास झालेल्या प्रत्येक पोराला यावंच लागतं. भाऊसाहेबांच्या टेबलाशेजारी एक बाक टाका, संघाचा एक माणूस बसवा, एका पानाचा फॉर्म ठेवा. मुलं अठराच्या आतली असतात. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्याच्या दृष्टीने पालकांची संमती हवी, तेव्हा सही पालकांची घ्या आणि नंबरही पालकांचाच. मुलाचा नंबर कॉलेजात गेल्यावर बदलतो. आईचा सहसा बदलत नाही.

नापास झालेल्यांचा फॉर्म त्याच दिवशी घरी पाठवा. ते ऑफिसात येत नाहीत.

सोपवणी

यादीच्या तीन प्रती ठेवा: सचिवाकडे, मुंबईतल्या माणसाकडे, आणि छापील प्रत शाळेच्या कपाटात. संघाचा मोबाईल नंबर सचिवाच्या खाजगी सिमवर नको. आमचे आधीचे सचिव मुलाकडे बडोद्याला गेले, नंबर बंद केला, आणि तीनशे माणसांकडे असलेला तो नंबर आता कुठल्यातरी अनोळखी गृहस्थांकडे आहे. मे महिन्यात त्यांना अजून फोन जातात. बिचारे मोडक्या मराठीत सांगतात, मेळावा पुढच्या रविवारी.